वाढीव बांधकाम आणि हरित प्रमाणन : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेश

अस्तित्वात असलेल्या इमारतीस नवी खोली, मजला, पडवी किंवा जोडइमारत जोडणे म्हणजे वाढीव बांधकाम होय. एखाद्या बांधकामात ऊर्जा, पाणी व बांधकाम-साहित्य यांचा वापर काटकसरीने झाला आहे, असे ठरलेल्या निकषांनुसार तपासून त्रयस्थ संस्थेने दिलेल्या दाखल्यास हरित प्रमाणन म्हणतात. नवी इमारत संपूर्णपणे चालू नियमांखाली येते. साधी दुरुस्ती बहुधा त्यांतून सुटते. वाढीव बांधकामाचे स्थान या दोहोंच्या मधे आहे. त्यामुळे हिशेब केवळ नव्या भागाचा करावयाचा की जुन्या भागासह सर्व वास्तूचा, हा प्रश्न प्रत्येक प्रमाणनपद्धतीस सोडवावा लागला आहे. या पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाल्या. तथापि महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत तोच प्रश्न निराळ्या रूपाने दीडशे वर्षांपासून विचारला जात आहे. घर वाढविण्यास लागणारे लाकूड व बांबू तेथे जंगलातून येत असल्याने घराची वाढ ही प्रथमपासूनच निसर्गाच्या हिशेबाची व सरकारी परवानगीची बाब ठरली. जुन्या निस्तारपद्धतीपासून आजच्या गुणांकनापर्यंतचा हा इतिहास पाहिला, म्हणजे नव्या पद्धतींनी काय मिळविले आणि त्यांच्या मोजणीतून काय निसटले, हे स्पष्ट होते.

प्रदेश व परंपरागत घर : गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सु. १४,४०० चौ. किमी. असून त्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाखाली नोंदलेला आहे. सु. ११,४०० चौ. किमी. क्षेत्राच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका बाजूस ताडोबा–अंधारीचे जंगल, तर दुसऱ्या बाजूस कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने व औष्णिक वीज केंद्र आहे. उन्हाळा अत्यंत कडक असून चंद्रपूर शहराचे तापमान मे महिन्यात ४५° से.च्या वर जाणे नित्याचे आहे. काही वर्षी ते ४८° से.च्या आसपास पोहोचले आहे. पावसाळाही तितकाच जोरदार असतो. घराला उन्हापासून व पाण्यापासून सारखाच बचाव करावा लागतो.

या हवामानात रूढ झालेले घर मातीच्या जाड भिंतींचे किंवा कुडाचे असे. बांबूच्या कामट्या विणून केलेल्या तट्ट्यास दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपली, की कूड तयार होतो. सागाचे किंवा अन्य टिकाऊ लाकडाचे खांब जमिनीत रोवून त्यांवर आडी व वासे टाकीत आणि वर बांबू पसरून कवेलू अंथरीत. समोर खोल सपरी व भोवती अंगण असे. छपराचे वजन भिंतींवर नसून खांबांवर असल्याने घर वाढविणे सोपे होते. मुलाचे लग्न झाले, की अंगणाच्या एका बाजूस आणखी चार-सहा खांब रोवून नवा खण जोडावयाचा, ही सर्वसामान्य रीत होती. जुने घर मोडल्यास त्याचे खांब, चौकटी व कवेलू नव्या भागात पुन्हा वापरले जात. भिंतीची माती अंगणातच कालवली जाई. बांधकामाचा टाकाऊ माल असा जवळजवळ उरतच नसे. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता सावकाश आत येऊ देते. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. आजच्या हरित निकषांत ज्या गोष्टींना गुण दिले जातात, त्यांपैकी स्थानिक साहित्य, पुनर्वापर, सावली व नैसर्गिक वायुवीजन या या घराच्या मूळ रचनेतच होत्या. मात्र हे घर वारंवार दुरुस्ती मागे. वाळवी, गळके छप्पर व वीतभर धुपलेली भिंत यांमुळे जंगलातील मालाची गरज दर काही वर्षांनी पुन्हा उभी राही. [→ गडचिरोली जिल्हा, चंद्रपूर जिल्हा].

निस्तार : रहिवाशांनी आपल्या घरगुती व शेतीच्या गरजेपुरते लाकूड, बांबू, जळण, गवत, माती इ. घेण्याच्या वहिवाटीस निस्तार म्हणतात. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये ब्रिटिशांकडे गेल्यावर चांदा जिल्हा त्यांच्या अंमलाखाली आला आणि १८६१ मध्ये तो नव्या मध्य प्रांताचा भाग झाला. त्यानंतर १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी सरकारी जंगलांवर नियंत्रण आले. रेल्वेचे स्लीपर व इमारती यांसाठी सागास मोठी मागणी होती व आलापल्लीचे सागवन त्यासाठी प्रसिद्ध होते. या वनातील जुन्या सागवृक्षांचा सु. ६ हेक्टरांचा राखलेला भाग २०१४ मध्ये महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. राखीव जंगलाबाहेर मालगुजारांची व जमीनदारांची जंगले होती. अहेरी ही चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी होय. या जंगलांतील रयतेच्या वहिवाटी जमाबंदीच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावरिवाजांच्या दप्तरात नोंदविल्या जात.

मध्य प्रांताचा मालकी हक्क निर्मूलन कायदा (१९५०) ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला, तेव्हा मालगुजारांच्या व जमीनदारांच्या मालकीची जंगले शासनाकडे गेली. वहिवाटीचे नियमन करणाऱ्या तरतुदी पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये केवळ विदर्भासाठी म्हणून समाविष्ट करण्यात आल्या. या संहितेनुसार गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीच्या वापराची योजना सांगणारे निस्तारपत्रक जिल्हाधिकाऱ्याने तयार करावयाचे असते.

निस्ताराचे तत्त्व साधे होते. माल स्वतःच्या वापरासाठी घ्यावयाचा, विकावयाचा नाही. आणि तो गरजेपुरता घ्यावयाचा. गरज ठरविताना कुटुंब, त्याचे राहते घर व त्याची शेती यांकडे पाहिले जाई. म्हणजे मोजमापाचा घटक नवा खण नसून जुन्या खणांसह उभे असलेले संपूर्ण घर हा होता. ही पद्धत निर्दोष होती, असे मात्र म्हणता येत नाही. मंजुरी वन व महसूल कर्मचाऱ्यांच्या हाती असल्याने वेळेवर लाकूड मिळणे दुरापास्त होई. नियम गावाने केलेले नसल्यामुळे त्यांविषयी आपलेपणाही नव्हता. शिवाय घरबांधणीच्या वासा-बांबूवर बंधने असताना बल्लारपूरच्या कागद कारखान्यास मात्र दीर्घ मुदतीच्या करारांनी बांबू दिला जात होता. ही विषमता लोकांच्या मनात घर करून राहिली.

मेंढा (लेखा) व वनहक्क : या असंतोषास एका बांधकामानेच वाचा फोडली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने १९८० च्या दशकात आपले मोडकळीस आलेले घोटुल (गावातील तरुणांचे सामाईक गृह) जंगलातील लाकूड वापरून पुन्हा उभारले. विनापरवाना लाकूड वापरल्याच्या कारणावरून वन खात्याने ते काढून टाकले. त्यावर आसपासच्या गावांनी आपापली घोटुले उभारून उत्तर दिले. एका जुन्या वास्तूची पुनर्बांधणी हा कुणाचा अधिकार, असा हा वाद होता. पुढे याच गावात ग्रामसभेने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची, अभ्यासगटांतून विषय समजून घेण्याची आणि जंगलातून काय व किती आणावे याचे नियम स्वतः ठरविण्याची पद्धत रूढ झाली.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ ने निस्तारास, मग तो कोणत्याही नावाने ओळखला जात असो, सामूहिक हक्क म्हणून मान्यता दिली आणि बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. ऑगस्ट २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावास सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्र्यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे पासपुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. याच अधिनियमाने शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता इ. तेरा प्रकारच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागत नसल्यास, ग्रामसभेच्या शिफारशीने देण्याची तरतूद केली. वनगावातील शाळेस दोन खोल्या जोडावयाच्या झाल्या, तरी पूर्वी १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमाखाली केंद्राच्या मान्यतेची वाट पाहावी लागे. ती अडचण यामुळे पुष्कळशी दूर झाली. वनहक्क अधिनियम हा अर्थातच प्रमाणनाचा कायदा नव्हे. परंतु निसर्गावर पडणारा भार मोजून बांधकामास अनुमती द्यावयाची आणि मोजणारा स्थानिक असावा, हे तत्त्व त्यात आहे.

बांधकाम-साहित्यातील पालट : जंगलातील लाकूड दुर्मिळ होत असताना जिल्ह्यात निराळे साहित्य विपुल होऊ लागले. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या परिसरातील चुनखडकावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यानंतर त्याची क्षमता आता २,९२० मेगॅवॉट आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे असल्याने अशा केंद्रातून प्रचंड प्रमाणात उडती राख बाहेर पडते. ही राख साठविण्यास जमीन लागते आणि तिच्यामुळे हवा व पाणी दूषित होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक समूहांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरचा अंक ८३·८८ असून देशात त्याचा चौथा क्रमांक लागला.

राखेच्या प्रश्नामुळे या भागात बांधकामावर पहिले स्पष्ट पर्यावरणीय बंधन आले. केंद्र शासनाने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किमी.च्या परिघात मातीच्या विटा भाजताना वजनाने किमान २५ टक्के राख मिसळणे सक्तीचे केले. हा परिघ २००३ मध्ये १०० किमी. व २०१६ मध्ये ३०० किमी. करण्यात आला. त्यामुळे प्रथम चंद्रपूर शहर व त्याचा परिसर, नंतर गडचिरोलीचा पश्चिम भाग आणि अखेर दोन्ही संपूर्ण जिल्हे या कक्षेत आले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने परिघातील बांधकाम संस्थांना राखेपासून केलेला माल वापरणे बंधनकारक केले. मात्र त्याचा दर पर्यायी मालाहून अधिक नसावा, अशी अट आहे. या बंधनाचे वैशिष्ट्य असे, की ते मालावर आहे, इमारतीच्या आकारावर नाही. वीट नव्या बंगल्यास लागो की जुन्या घराच्या एका वाढीव खोलीस, भट्टीवरील नियम एकच राहतो. वरच्या थरातील सुपीक मातीची बचत हा त्याचा दुसरा लाभ होय.

हरित प्रमाणनाचा उदय : इमारतींचे पर्यावरणीय गुणांकन प्रथम १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ‘ब्रीॲम’ या नावाने सुरू झाले. अमेरिकेत १९९३ मध्ये स्थापन झालेल्या हरित इमारत परिषदेने त्या दशकाच्या अखेरीस ‘लीड’ ही पद्धती प्रचारात आणली. भारतीय हरित इमारत परिषद २००१ मध्ये स्थापन झाली व हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्रास २००३ मध्ये लीडचा प्लॅटिनम दर्जा मिळाला. भारतीय परिस्थितीस अनुसरून ऊर्जा व संसाधन संस्था (टेरी) आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी तयार केलेली ‘गृह’ ही पद्धती २००७ मध्ये राष्ट्रीय गुणांकन पद्धती म्हणून स्वीकारण्यात आली. तिच्या प्रारंभीच्या आवृत्तीत शंभरपैकी ५० गुणांना एक तारा व ९१ गुणांपासून पाच तारे अशी श्रेणी होती. राखेचा उपयोग हा तिच्यातील एक स्वतंत्र निकष होता. जी गोष्ट चंद्रपूरच्या परिसरात कायद्याने आवश्यक होती, तिला या पद्धतीत गुण मिळत होते.

वाढीव बांधकामासंबंधीच्या आवश्यकता : या आवश्यकता ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ खाली २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत नेमकेपणाने मांडल्या आहेत. ती मुख्यतः १,००० चौ. मी. किंवा अधिक वातानुकूलित क्षेत्राच्या इमारतींसाठी होती. मूळ इमारत व वाढीव भाग यांचे एकत्रित वातानुकूलित क्षेत्र या मर्यादेपलीकडे गेल्यास वाढीव भागाने संहिता पाळलीच पाहिजे, असा तिचा नियम होता. उदा., ८०० चौ. मी. वातानुकूलित क्षेत्राच्या रुग्णालयास ३०० चौ. मी.चा नवा कक्ष जोडल्यास एकूण क्षेत्र १,१०० चौ. मी. होते आणि नियम लागू होतो, १०० चौ. मी.चा कक्ष जोडल्यास तो लागू होत नाही. नियम पाळल्याचे दाखविण्याचे मार्ग दोन : एक तर नव्या भागाने स्वतंत्रपणे भिंती, छप्पर, दिवे व यंत्रणा यांच्या अटी पुऱ्या कराव्यात, किंवा जुना व नवा भाग मिळून संपूर्ण इमारत जणू नवीच आहे असे मानून ती अटींत बसवावी. नव्या भागास जुन्या यंत्रणेतूनच थंड हवा मिळत असेल, तर जुनी यंत्रणा बदलण्याची सक्ती नाही; मात्र नवे यंत्र बसविल्यास ते कार्यक्षमतेच्या अटींत बसले पाहिजे.

दुसऱ्या मार्गात एक महत्त्वाची सोय आहे. नव्या भागात एखादी अट पाळणे कठीण असल्यास जुन्या भागाचे छप्पर किंवा दिवे सुधारून एकूण हिशेब जमविता येतो. त्यामुळे वाढीव बांधकाम हे जुन्या इमारतीच्या सुधारणेचे निमित्त होऊ शकते. २०१७ च्या सुधारित संहितेत वातानुकूलित क्षेत्राऐवजी १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० किलोव्होल्ट-अँपिअर करारमागणी ही कसोटी धरण्यात आली आणि अनुपालनाच्या तीन चढत्या श्रेणी करण्यात आल्या. २०२२ च्या दुरुस्ती अधिनियमाने या संहितेची व्याप्ती ऊर्जेपलीकडे नेऊन तिला शाश्वत इमारतीचे स्वरूप दिले व निवासी इमारतींचाही तीत अंतर्भाव केला.

लीड पद्धतीच्या २००९ च्या आवृत्तीत जुन्या इमारतीचा पुनर्वापर हा वेगळा निकष होता. मूळ भिंती, तक्तपोशी व छप्पर यांपैकी ५५, ७५ किंवा ९५ टक्के भाग राखल्यास चढते गुण मिळत. परंतु वाढीव भागाचे क्षेत्र मूळ इमारतीच्या दुपटीहून अधिक असेल, तर हे गुण मिळत नसत. जुन्या वास्तूचा एक कोपरा राखून तिच्या नावावर प्रचंड नवी इमारत हरित म्हणून मिरविता येऊ नये, हा या अटीचा हेतू होय. जुने व नवे यांचे प्रमाण पाहण्याची ही दृष्टी निस्तारातील गरजेच्या मापाशी जुळती आहे.

महाराष्ट्रातील नियम : डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली बृहन्मुंबई व इतर काही क्षेत्रे वगळता राज्यभर, म्हणून या दोन्ही जिल्ह्यांतही, लागू आहे. हरित गुणांकन तीत सक्तीचे नसून प्रोत्साहनपर आहे. गृह पद्धतीचे तीन, चार किंवा पाच तारे अथवा अन्य पद्धतींतील समकक्ष दर्जा मिळविणाऱ्या इमारतीस मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर अनुक्रमे ३, ५ व ७ टक्के जादा क्षेत्र मिळते. ही सवलत जमिनीला मोठा भाव असलेल्या शहरात मोलाची असते. जेथे मिळणारे क्षेत्रच पुरते वापरले जात नाही, अशा अहेरी–भामरागडसारख्या भागात तिचे आकर्षण राहत नाही. याउलट पावसाचे पाणी साठविण्याची तरतूद सक्तीची असून गावठाणाबाहेरील ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामाबरोबरच पुनर्बांधणी व वाढीव बांधकाम यांनाही ती स्पष्टपणे लागू आहे.

स्थलविशेषामुळे आणखी काही बंधने येतात. संरक्षित वनांभोवतीच्या पर्यावरणसंवेदी क्षेत्रांच्या अधिसूचनांत नव्या हॉटेलांबरोबरच चालू हॉटेलांच्या विस्तारावरही सामान्यतः नियंत्रण असते. पर्यटनामुळे ताडोबाच्या सीमेवरील गावांत त्याचे महत्त्व वाढले आहे. चंद्रपूर शहरात गोंडकालीन तटाचा प्रश्न आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अचलेश्वर हे दरवाजे असलेला हा तट केंद्र-संरक्षित स्मारक असून जुने शहर त्याच्या आत वसले आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मी. अंतरात नवे बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मी. अंतरात नियंत्रित आहे. या कायद्यात बांधकाम या संज्ञेत उभ्या किंवा आडव्या वाढीचा समावेश होतो; दुरुस्ती, नूतनीकरण व पुनर्बांधणी यांचा होत नाही. त्यामुळे तटालगतच्या कुटुंबास आपले जुने घर परवानगी घेऊन नीट करता येते, परंतु त्यावर एक खोली चढविता येत नाही. वारशाच्या रक्षणासाठी हे बंधन आवश्यक असले, तरी त्याचा भार मुख्यतः जुन्या शहरातील दाट वस्तीवर पडतो.

बांबू व त्याची मर्यादा : या जिल्ह्यांच्या दृष्टीने बांबू हे जुन्या व नव्या पद्धतींना जोडणारे साहित्य आहे. तो लवकर वाढतो, पुन्हा फुटतो व स्थानिक कारागिरांना त्याचे काम अवगत आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) बांबूच्या रचनांसाठी स्वतंत्र प्रकरण असून शाश्वततेविषयी वेगळा भागही आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले व त्यासाठी बांबूचाच मोठा वापर करून भव्य इमारतसंकुल उभारण्यात आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यास आग लागून त्याचे मोठे नुकसान झाले. साहित्य स्थानिक व नूतनीक्षम असणे पुरेसे नसून अग्निसुरक्षा, प्रक्रिया व देखभाल हीदेखील टिकाऊपणाची अंगे होत, हा धडा या घटनेने दिला. जुन्या कुडावर दोन्ही बाजूंनी मातीचा लेप असे. तो उष्णतेपासून बचाव करी व बांबू उघडा राहू देत नसे.

मूल्यमापन : प्रमाणनाने मोठ्या इमारतींना शिस्त लावली, हे खरे. परंतु त्याच्या सर्व पद्धती कोणत्या ना कोणत्या किमान आकारापासून सुरू होतात. गृह पद्धतीची मुख्य श्रेणी २,५०० चौ. मी.पासून पुढील इमारतींसाठी आखली गेली. लहान इमारतींसाठी ‘स्व-गृह’ ही वेगळी श्रेणी नंतर आली. निवासी इमारतींसाठीची ‘इको-निवास संहिता’ (२०१८) ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांचा विचार करते. पर्यावरणीय मंजुरीची अट २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौ. मी. बांधीव क्षेत्रापासून सुरू होते. याउलट २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौ. मी. आहे, म्हणजे गृह पद्धतीच्या प्रारंभमर्यादेचा शंभरावा भाग. हे घरकुल पुष्कळदा जुन्या मातीच्या घरास लागून त्याच अंगणात उभे राहते. कागदोपत्री ते नवे घर असले, तरी कुटुंबाच्या दृष्टीने ती जुन्या घराची वाढच होय.

याच लहान वाढींत या प्रदेशातील घराचे स्वरूप झपाट्याने पालटत आहे. कवेलूंच्या जागी पत्रा व सपरीच्या जागी सिमेंटची उघडी गच्ची येत आहे. कवेलू दर वर्षी फेरावे लागतात, माकडांमुळे फुटतात आणि ते फेरणारी माणसेही कमी झाली आहेत. पत्रा एकदा ठोकला की बरीच वर्षे पाहावे लागत नाही. हा निर्णय कुटुंबाच्या दृष्टीने समंजस असतो. परंतु इको-निवास संहितेत छपरातून येणाऱ्या उष्णतेस जी मर्यादा (प्रतिचौरस मीटर, प्रतिअंश १·२ वॉट) सांगितली आहे, तिच्या कित्येक पटींनी अधिक उष्णता उघड्या पत्र्यातून आत येते. मे महिन्यातील दुपारी अशा खोलीत आजारी माणूस, तान्हे मूल किंवा बाळंतीण असेल, तर हा प्रश्न गुणांचा न राहता जिवाचा होतो. पुष्कळ घरांत म्हणूनच दुपारची वस्ती नव्या पक्क्या खोलीत नसून जुन्या मातीच्या घरात असते व जुने घर पाडण्यास वडीलधारी मंडळी तयार नसतात.

अशा वाढींना प्रमाणपत्राची फी, सल्लागार व संगणकीय हिशेब यांच्या चौकटीत बसविणे व्यवहार्य नाही; तशी आवश्यकताही नाही. राखेच्या विटेचा नियम इमारतीऐवजी मालावर ठेवल्यामुळे तो सर्वांत लहान बांधकामापर्यंत पोहोचू शकला, हे वर पाहिलेच आहे. त्याच धर्तीवर पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे छत, गच्चीस पांढरा लेप, भिंतीवर सावली पडेल इतका रुंद पाखा, जुन्या लाकडाचा पुनर्वापर आणि जुन्या घराची मातीची भिंत राखणे अशा पाच-सहा साध्या गोष्टी घरकुलाच्या मंजुरीबरोबर सुचविता येतील. त्यांची तपासणी ग्रामसभा करू शकते. जंगलातून किती बांबू निघतो, याचा हिशेब ठेवण्याचे कठीण काम या जिल्ह्यांतील ग्रामसभांनी करून दाखविलेले आहे.

निस्तारपद्धतीत संपूर्ण घर पाहिले जाई, परंतु निर्णय घरवाल्याच्या हाती नव्हता. हरित प्रमाणनात निर्णय मालकाच्या इच्छेवर असतो, परंतु लहान घर पाहिलेच जात नाही. या दोहोंतील गुण एकत्र आणण्यास लागणारे साहित्य, कारागीर व ग्रामसंस्था चंद्रपूर–गडचिरोलीच्या वनप्रदेशात आजही उपलब्ध आहेत. मातीची घरे व ती बांधणारे हात उरले आहेत तोवरच ते काम सुकर आहे.